पाटीवरचं नाव

सुभद्रा आणि सीता या सख्ख्या जावा. नांदगावजवळ जितेंद्रच्या नर्सरीत काजूची कलमं बांधायला दोघी एकाच दिवशी लागल्या. पहिल्या वीसांतली सीताची बारा जगली, सुभद्राची नऊ. फरक तिनाचा. पण जितेंद्र सीताला म्हणाला, "वैनी, तुमचो हात बरो आसा." सुभद्राला नुसतं म्हणाला, "जमात हळूहळू."

सुभद्राला तेवढं पुरलं. लहानपणी मिरचीची रोपं लावायला आई धाकट्या बहिणीलाच बोलवायची. "सुभद्राच्या हाताक गुण नाय," असं शेजारणींना हसतहसत सांगायची. आता रोपाच्या चिरेत बसवायची काडी तासताना सुभद्राला तेच ऐकू यायचं. सीता गुणगुणत सुरी चालवायची, आणि ते गुणगुणणं हिच्या मस्तकात जायचं. घरी सीताने केलेल्या आमटीतही तिला खोट दिसू लागली.

शिमग्यानंतर जितेंद्रने दोघींना पन्नास-पन्नास रोपं दिली. जिची जास्त जगतील, तिने नव्या बायकांना शिकवायचं. बांधून झालेली रोपं गडी सावलीत नेऊन सारख्याच दिसणाऱ्या दोन वाफ्यांत मांडणार, प्रत्येक वाफ्यावर नावाची पाटी. भीतीपोटी सुभद्राने एकेक काप दोनदा जुळवून पाहिला, बांधलेल्या पट्ट्या सोडून पुन्हा आवळल्या. तरी संध्याकाळी तिची खात्रीच झाली, ही काही जगत नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी सीता डबा धुवायला विहिरीवर गेली. सुभद्राने दोन्ही पाट्या उपटल्या आणि अदलाबदल करून रोवल्या.

तीन आठवड्यांनी जितेंद्रने कोंब मोजले. सुभद्राच्या पाटीमागे एकतीस. सीताच्या पाटीमागे चव्वेचाळीस.

बायकांनी टाळ्या वाजवल्या. सीता लाजून हसत होती. ती चव्वेचाळीस तिने बांधलेली होती. आजवर ती सीताच्या कसबावर जळत होती. आता स्वतःचंच कसब सीताच्या नावावर बघून जळत होती.

दोन दिवस ती सीताच्या पाटीमागचे कोंब पुन्हापुन्हा मोजत राहिली. तिसऱ्या दिवशी घरी जाताना ती वाटेतच थांबली.

"सीता, ती चव्वेचाळीस माझी. पाट्यो मी बदललंय."

"तुझी?" सीताला हसू फुटलं. "वैनी, कायतरीच काय बोलतंस!"

त्या हसण्याने सुभद्राला चाबूक बसल्यासारखं झालं. "माझीच. माका वाटला, माझी मरतली."

सीताने तिच्याकडे नीट पाहिलं. हसू मावळलं. "म्हणजे माझी जगलेली तू तुझ्या नावार लावूक गेलंस?"

सीता पुढे निघून गेली.

सकाळी सुभद्राने जितेंद्रला स्वतःच सांगितलं. त्याने दोघींना समोर बसवून पुन्हा पन्नास-पन्नास बांधायला लावली. तीन आठवड्यांनी मोजली तेव्हा सीताची चाळीस जगली होती, सुभद्राची त्रेचाळीस. शिकवायचं काम मात्र त्याने सीतालाच दिलं. "पाटी बदलणारीक मी ह्या काम कसा देऊ?" तो म्हणाला.

सोमवारी नव्या बायका सीताभोवती बसल्या. सुभद्रा पलीकडच्या वाफ्यावर काम करत होती, कान तिकडेच. सीता बोलत होती, दाखवत होती, बायका माना डोलवत होत्या. सुभद्राने हातातली पट्टी गरजेपेक्षा जास्त आवळली. तेवढ्यात तिची नजर सीताच्या हातातल्या काडीवर गेली.

"सीता, जाड ऱ्हवली गो ती. आजून बारीक तास," ती सगळ्यांदेखत म्हणाली.

सीताने रागाने वळून पाहिलं. मग काडी उजेडात धरली, आणि सुरी पुन्हा लावली.