आमची हळू मशीन

आमच्या घरात एक गोष्ट सगळ्यांना पक्की ठाऊक होती. माझी शिवणाची मशीन हळू चालते. सासरे कस्तुरचंदजी, ज्यांना मी मामाजी म्हणते, ते हे दुकानात गिऱ्हाइकांना सांगायचे. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, देवळात सांगायच्या. आणि आमचे हे, देवेंद्रकुमार, ज्यांनी जन्मात सुईत दोरा ओवला नाही, ते मशीन हळू का चालते यावर तासभर बोलू शकायचे. मशीन माझ्या बापाने दिलेली, तिच्यावर पाय माझे, आणि मत मात्र अख्ख्या शिरपूरचं! मला विचारायचं कुणाला सुचलं नाही.

मंगरूळपीरला मुलींच्या शाळेत शिवण शिकवायला बाई हवी होती. मी अर्ज केला आणि बोलावणं आलं. सोमवारी सकाळी नमुन्याचे कपडे घेऊन हजर व्हायचं होतं: झबलं, फ्रॉक, परकर-पोलकं आणि कॉलरचा सदरा. ही नोकरी मला हवी होती. लग्नाआधी मी शिवण शिकले ती काही उशांचे अभ्रे शिवायला नाही. मामाजी परवानगी देताना हसले.

"जा ना बेटा. कपडे झाले तर खुशाल जा. पन थे मशीन तुले जाऊ देईन असं वाटत नाई."

मग घरात मशीन पळवायचे उपाय सुरू झाले. मामाजींनी तिला इतकं तेल पाजलं की झबल्यावर डाग पडला आणि मला ते पुन्हा शिवावं लागलं. आमच्या ह्यांनी चाकावरची चामड्याची वादी कापून आखूड केली. तरी कपडे होईनात, तेव्हा ते थेट अकोल्याला गेले आणि मशीनला लावायची विजेची मोटर घेऊन आले. गल्ली बघायला जमली. पायाखालचं बटण दाबलं की सुई अशी सुटायची की माझं बोट थोडक्यात वाचलं.

पण शिवण काही पुढे सरकेना. कसं सरकणार? मी बाहीला हात घातला की आत्याबाईंची हाक. "तारा, पानी गाळलं का वं?" गाळून आले, बॉबिन भरली, की मामाजींची हाक. "तारा, माही टोपी कुठी हाय?" टोपी त्यांच्या डोक्यामागे खुंटीवर! ती देऊन बसते तर ह्यांना चहा हवा. चहा पीत पीत हे मोटरीकडे बघून मान हलवायचे.

"मोटर लावूनई सदरा होत नाई, म्हंजे मोटरीतच खोट हाय."

संताप संताप व्हायचा माझा. मोटर मशीनला लावली होती, आणि उठबस माझीच चालली होती.

रविवार उजाडला तेव्हा सदऱ्याची कॉलर, बाह्या आणि काजं बाकी होती. आम्ही जैन, आमच्या घरात दिवस मावळल्यावर कुणी अन्न घेत नाही, पाणीही नाही. त्यामुळे संध्याकाळचा स्वयंपाक भर उजेडात उरकायचा, आणि शिवणाला सोयीचा उजेडही तेवढाच. म्हणून सकाळीच मी सगळ्यांसमोर मोठ्याने सांगितलं, "आज संध्याकाळचा सैपाक मी करनार नाई. माहा सदरा हाय." सगळे हो हो म्हणाले. मामाजींनी तर मानही डोलावली.

दुपार कलली. मी कॉलर लावायला बसले तोच हे स्क्रू काढायचा पेचकस घेऊन आले.

"थांब. मोटर खोलून पाह्यतो."

त्यांनी मोटर काढून ओसरीत नेली आणि वर्तमानपत्रावर तिचे तुकडे मांडले. मी गुपचूप मोटर लावताना काढलेली जुनी वादी चाकावर चढवली आणि पाय चालवायला लागले. ओसरीत मामाजी येऊन बसले, मग आत्याबाईही आल्या. तेल कमी पडलं की जास्त झालं, तार जळली की नजर लागली, यावर तिघांची चर्चा अशी रंगली की मला हाक मारायची आठवण कुणालाच राहिली नाही. चूल पेटवायची तर त्याहून नाही.

मामाजींनी मान वर केली तेव्हा सूर्य देवळाच्या शिखरामागे बुडाला होता.

"सैपाक झाला ना?"

तिघांनी माझ्याकडे बघितलं. मी मशीन थांबवली नाही.

"तारा! घरात सून असून आमी उपाशी निजाचं काय?" मामाजींचा आवाज चढला.

"मामाजी, सकाळीच सांगतलं होतं. घरात आपन चौघं होतो, अन् हात चौघायलेई होते."

असं मी कधी बोलले नव्हते. पण टाका वाकडा गेला नाही. मामाजी पाय आपटत निघून गेले. आता त्या घरात उद्या सकाळपर्यंत कुणी भाकर मागू शकत नव्हतं, चहा नाही, पाणीसुद्धा नाही. मी दिवा लावला. कॉलर बसली, एक बाही झाली, दुसरी झाली.

हे दारात आले. चाकाकडे बघत राहिले.

"पाह्य, मी म्हनत नव्हतो? कशी पळून राह्यली! मोटर लावली की..."

मग त्यांना ओसरीतले तुकडे आठवले. आत्याबाई त्यांच्या मागेच उभ्या होत्या.

"मंग काहून पळून राह्यली थे?" ह्यांनी विचारलं.

"कोनी हाक मारली नाई म्हनून," मी म्हणाले.

ह्यांना ते कळलं असं वाटलं नाही. आत्याबाईंनी मात्र ह्यांना बाहेर काढलं, दार ओढून घेतलं आणि बाहेर उंबऱ्याशी बसल्या. मी काजं करायला घेतली.

तेवढ्यात आतल्या खोलीतून मामाजींची हाक आली. "तारा! माही चादर कुठी हाय?"

माझा हात सवयीने थांबला. दाराबाहेरून आत्याबाई ओरडल्या,

"थे कामात हाय! चादर पेटीवर हाय. उठा अन् घ्या!"