शिरवाळे एकट्याने होत नाहीत

मोहनरावांनी रविवारी व्हिडिओ कॉलवर ताट दाखवलं आणि आयर्लंडमधल्या कॉर्कमध्ये बसलेल्या लीलावतीबाईंच्या मनात जी पाल चुकचुकली, ती मंगळवारी दुपारपर्यंत काही गप्प बसली नाही.

ताटात शिरवाळे होते, तांदळाच्या उकडीच्या शेवया. पांढरेशुभ्र, लांबसडक, एकही तार मधे तुटलेली नाही. शेजारी वाटीत गूळ-वेलची घातलेला नारळाचा रस. तिकडे कुडाळला स्वयंपाकघरात बसून मोहनराव ताटावरून फोन फिरवत होते, आणि चेहरा तर असा, की काय विचारता!

"कोणी केल्यान?" लीलावतीबाईंनी विचारलं.

"मीयाच केलंय. आणि कोण करतलो?"

आता हा माणूस कोण, हे आधी सांगायला हवं. हायस्कूलातले निवृत्त हेडक्लार्क. उभ्या जन्मात यांनी गॅस पेटवला तो चहासाठी, आणि तो चहाही बहुतेक वेळा उतू गेला. फेब्रुवारीत मुलीच्या बाळंतपणासाठी लीलावतीबाई आयर्लंडला निघाल्या तेव्हा डब्यांवर नावांच्या चिठ्ठ्या चिकटवून आल्या होत्या. तीन महिन्यांसाठी आल्या आणि कोरोनाने विमानं बंद पडली. बाळ पालथं पडलं, बसायला लागलं, त्याला दोन दात आले, ऑक्टोबर उजाडला, तरी बाई इथेच. आणि हे आठही महिने त्यांचा एकच धोशा: "तुझ्या बाबांचं माझ्यावाचून पान हलत नाही गो. मला घरी पोचवा."

त्या धोशाला शेवटी यश आलं होतं. जावयाने, अभिजितने, कुठल्याशा एजंटला गाठून शुक्रवारच्या विमानात एक सीट धरून ठेवली होती. मंगळवारी दुपारी एकच्या आत हो की नाही ते कळवायचं. मुलगी तन्वी मात्र मागे लागली होती, "आई, नाताळपर्यंत राहा ना. बाळाला जानेवारीशिवाय पाळणाघरात जागा नाही. मी मीटिंग घेऊ की याला घेऊ?" लीलावतीबाईंनी सरळ सांगितलं होतं, माझं घर तिकडे वाऱ्यावर पडलंय, मी जाणार.

आणि वाऱ्यावर पडलेल्या घरातून हे ताट.

फोन ठेवल्यावर त्या बराच वेळ सोफ्यावर बसून राहिल्या. मग उठल्या, बाळाचे वाळलेले कपडे घड्या करायला घेतले, ते तसेच टाकून खिडकीशी गेल्या, पुन्हा आल्या. पायाला भिंगरी लागल्यासारखं झालं.

"काय झालं?" तन्वीने विचारलं.

"तुझ्या बाबांनी शिरवाळे केले."

"वा! भारीच की! मग?"

"मग काय मग? शिरवाळे एकट्याने होत नाहीत!"

तन्वी हसली. तिला काय कळणार? पुण्यात शिकली, इथे आली, तिला शिरवाळे म्हणजे आयते ताटात आलेले. तांदळाच्या पिठाची उकड काढायची, तिचे मुठीएवढे गोळे करून पुन्हा उकळत्या पाण्यात शिजवायचे, आणि ते चटके देणारे गोळे तसेच शेवग्यात घालायचे. शेवगा म्हणजे लाकडी घोडी, खाली भोकांची चकती, वर लांब दांडा. एकाने त्या दांड्यावर अंगाचा भार टाकायचा आणि दुसऱ्याने खाली बसून उतरणाऱ्या तारा हातावर झेलायच्या, वेटोळं घालून केळीच्या पानावर ठेवायच्या. झेलणारा नसला तर तारा तुटून त्यांचा लगदा होतो. दांडा सोडून झेलायला जावं तर वरचा गोळा थंड होतो, आणि थंड झालेला गोळा भीमाने दाबला तरी उतरत नाही. चाळीस वर्षं लीलावतीबाई झेलायला बसल्या होत्या आणि मोहनराव दांड्यावर.

मग आता खाली कोण बसलं होतं?

डोळ्यासमोर पहिल्यांदा आली ती सुलेखा. पोस्टमास्तरांची विधवा, तीन घरं सोडून राहते, साठीची असून केस काळेभोर. मार्चमध्ये "भाऊंना आमटी पाठवली हो" असा तिने फोन केला होता. तेव्हा लीलावतीबाईंनी तोंडभरून आभार मानले होते. आता त्या आमटीचा त्यांना मनस्वी राग आला. या वयात हे असलं मनात यावं याची लाज वाटली, आणि लाज वाटूनही ते जाईना. चौसष्टाव्या वर्षी माणूस शहाणा होतो हे सांगणाऱ्याने चौसष्टावं वर्ष पाहिलेलं नसावं.

सोमवारी सकाळी मागच्या अंगणात त्या कपडे वाळत घालायला गेल्या. ऊन म्हणजे नावाला, पण इथे त्यालाच 'ग्रँड' म्हणतात. भिंतीपलीकडे विजयालक्ष्मी उभी होती. तमिळनाडूतल्या नागरकोइलची. तिची मुलगी इस्पितळात नर्स, आणि हीसुद्धा लीलावतीबाईंसारखीच लेकीकडे येऊन अडकलेली. तिला मराठी-हिंदी येत नाही, यांना तमिळ येत नाही, तरी आठ महिन्यांत दोघींचं भिंतीवरून बरंच बोलणं झालं होतं. हात, डोळे आणि वीसेक इंग्रजी शब्द. तेवढ्यात दोघींच्या जावयांची अख्खी कुंडली मांडून झाली होती.

विजयालक्ष्मीने भिंतीवर एक डबा ठेवला. "इडिअप्पम," ती म्हणाली.

लीलावतीबाईंनी झाकण काढलं आणि त्या चपापल्या. शिरवाळेच! जरा बारीक, छोट्या चपट्या चकत्यांसारखे, पण शिरवाळेच.

"यू मेक? हाऊ मेनी पीपल?" त्यांनी एक बोट दाखवलं, मग दोन. "वन? टू?"

"वन, वन!" विजयालक्ष्मीने छातीवर हात ठेवला. आत जाऊन ती एक पितळी साचा घेऊन आली आणि भिंतीवर सगळं नाटक करून दाखवलं: गरम पाणी, पीठ, मऊ मळायचं, साचा दोन्ही हातांनी फिरवत ताटलीवर पाडायचं, आणि मग ती ताटली वाफेवर. आधी पाडायचं, शिजवायचं नंतर. मऊ पीठ, जोर नको, दुसरा माणूस नको.

लीलावतीबाईंचा जीव भांड्यात पडला. अस्सं! यांनी फोनवर कुठलातरी मद्रासी व्हिडिओ पाहिला असणार, आणि सोऱ्याने चकलीसारखे पाडले असणार. एकट्याने. बिचारा माणूस बायकोच्या आठवणीने सतरा खटपटी करतो आणि आपण सुलेखेला मध्ये आणतो! त्यांनी तो सबंध डबा उभ्याउभ्या संपवला.

पण दुपारी बाळाला झोपवताना ताट पुन्हा डोळ्यासमोर आलं. विजयालक्ष्मीच्या चकत्या कशा छोट्या, ताटलीला धरून बसलेल्या. मोहनरावांच्या ताटातल्या तारा वीतभर लांब होत्या. मोकळ्या. चकाकत्या. आधी शिजवल्याशिवाय तार अशी चकाकत नाही.

बाळ झोपलं तशा त्या स्वयंपाकघरात शिरल्या. प्रेसमधून तांदळाचं पीठ काढलं. (इथे कपाटाला प्रेस म्हणतात, हे शिकायला त्यांना दोन महिने लागले होते.) तन्वीचा स्टीलचा सोऱ्या घेतला. उकड काढली, बारा गोळे केले, शिजत टाकले. म्हटलं, बघूच या एकट्या माणसाला जमतं का. मला जमलं तर त्यांनाही जमलं असेल, आणि मग शुक्रवारी मी सुखाने विमानात बसेन.

पहिला गोळा उतरला, पण अर्ध्या तारा ओट्यावर पडून मोडल्या. दुसऱ्याला त्यांनी सोऱ्या काखेत धरला आणि एका हाताने झेलायला गेल्या, तर कोपराला चटका बसला. तिसरा भरेपर्यंत पीठ घट्ट झालं होतं. त्यांनी सगळा जोर लावला, ओठ दाताखाली दाबला, आणि सोऱ्याची मूठ वाकली. उरलेले नऊ गोळे पातेल्यात दगडासारखे होऊन बसले.

तन्वी कॉलवरून उठून आली तेव्हा आई पिठाने माखलेली आणि रडकुंडीला आलेली. "आई! अगं, मला हाक मारायची ना!"

"तुला हाक मारून कसं चालेल? मला एकटीने करायचं होतं."

"का पण?"

"कारण मला जमत नाही, तर त्या माणसाला कसं जमलं ते सांग मला!"

तन्वीने आधी पातेल्याकडे पाहिलं, मग आईकडे. "तू बाबांवर संशय घेते आहेस? सीरियसली?"

"संशय नाही. मला कळायला हवं. मी जायचं म्हणते आहे ते कोणाकडे जायचं, ते मला कळायला हवं की नको?" त्यांचा आवाज चढला. "उद्या एकपर्यंत तुम्हाला हो-नाही सांगायचंय ना?"

रात्र त्यांनी कूस बदलत काढली. मंगळवारी बारा वाजून गेल्यावर, तिकडे कुडाळला संध्याकाळचा चहा होत असेल तेव्हा, त्यांनी फोन लावला. आडवळण घेतलंच नाही.

"गोळे आधी उकडलात, काय आधी पाडलात?"

"आधी उकडूक नको?" मोहनराव खुशीत होते. "चाळीस वर्सां बघतंय मां तुका!"

"मग दांड्यार तुमी, आणि खाली हात कोणाचो होतो?"

मोहनराव कान खाजवू लागले.

"सुलेखा इल्ली काय?"

"कोण सुलेखा?"

"पोस्टमास्तरांची!"

मोहनराव खो खो हसले, हसताना त्यांना ठसका लागला. मग हसू ओसरलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "संजीव इल्लो," ते म्हणाले.

लीलावतीबाईंना आधी कळेचना. संजीव म्हणजे मोहनरावांचा धाकटा भाऊ. गावातच, पलीकडच्या वाडीत राहणारा. पण हे नाव त्या घरात सात वर्षांत निघालं नव्हतं. तन्वीच्या साखरपुड्याला तो पिऊन आला होता. व्याह्यांच्या पंक्तीत त्याच्या हातून आमटीचं भांडं पडलं, जावयाच्या काकांच्या धोतरावर. लीलावतीबाईंनी दोनशे माणसांसमोर त्याला दाराबाहेर काढलं होतं. "या उंबऱ्याला पुन्हा पाय लावशील तर माझं मेलेलं तोंड पाहशील." त्याने नंतर दारू सोडली असं कानावर आलं, तेव्हाही त्या म्हणाल्या, सोडली तर सोडली. मोहनराव त्यावर कधी एक शब्द बोलले नाहीत. ते बोलले नाहीत म्हणजे त्यांनाही पटलंय, असं लीलावतीबाईंनी धरून ठेवलं होतं.

"कधीपासून येता?"

"मे म्हयन्यापासून. रोज. रांधता तोच, माका खंय येता?"

"आणि माका सांगूक नाय?"

"काय सांगतलंय?" मोहनराव हळूच म्हणाले. रागाने नव्हे. "तू नाय होतंस म्हणान इलो."

लीलावतीबाई ओट्याला टेकल्या. सुलेखा असती तर परवडली असती. तिच्याशी भांडता आलं असतं. घर आपल्यावाचून अडलंय म्हणून आठ महिने ही बाई तळमळली, लेकीला हैराण केलं, विमानं शोधायला लावली. आणि तिकडे आपण निघालो म्हणून घरात माणूस आला होता. चाळीस वर्षं शेजारी बसून ज्याच्यासाठी तारा झेलल्या, त्या माणसाला सात वर्षं भाऊ हवा होता, आणि ते त्याने आपल्याला सांगितलं नव्हतं. कारण सांगून उपयोग नव्हता. आपण ऐकलं नसतं. हे त्यांना इतकं स्वच्छ दिसलं, की कानशिलं तापली.

"मी शुक्रवारी येऊ?" त्यांनी विचारलं.

"ये गो. घर तुझाच आसा." पण ते म्हणायच्या आधी मोहनरावांनी बाजूला पाहिलं होतं. क्षणभरच. शेगडीच्या दिशेला.

"तो थंयच आसा?"

"आसा. चाय करता."

"फोन देवा तेका."

"लीला, आता कशाक..."

"देवा म्हणतंय मां!"

फोन या हातातून त्या हातात जाताना छत दिसलं, मग खिडकी, मग एक म्हातारा चेहरा. केस पांढरे झालेले, गाल आत गेलेले. लीलावतीबाईंच्या आठवणीत तो अजून काळ्या मिशांचा होता.

"वयनी," तो म्हणाला आणि खाली पाहू लागला.

त्यांच्या मनात पुष्कळ होतं. त्या दिवशी मी सगळ्यांसमोर तसं बोलायला नको होतं, हे होतं. तू प्यायला नको होतास, हेही होतंच. त्यातलं काही तोंडातून निघेना.

"संजीव, मीया शुक्रवारी येतंय," त्या शेवटी म्हणाल्या. "मीया इलंय म्हणान तू जाव नको."

पलीकडून चहाचं आधण उकळत असल्याचा आवाज येत होता आणि कोणी गॅस बंद करत नव्हतं. तन्वी लॅपटॉप हातात घेऊन दारात येऊन उभी राहिली.

"आई, एकला पाच मिनिटं आहेत. हो कळवू?"

"थांब," लीलावतीबाई फोनवरची नजर न काढता म्हणाल्या. "त्याने अजून हो म्हटलेलं नाही."