स्वयंपाकघरातला बर्फ

“येऊन तीन आठवडे झाले, पण बाईला अजून दार लावता येत नाही,” हेडविका पुटपुटली. पुटपुटलीच, कारण टेबलावर हंसांच्या पिसांचा ढीग होता आणि पिसं सोलताना मोठ्यानं बोलणं, खोकणं, हसणं सगळं वर्ज्य; नुसत्या श्वासानंही ती उडतात. “बूट घालून घरभर हिंडते. दिसेल त्यावर बोट ठेवते. ‘आई, हे काय? आई, ते काय?’ माझ्या झाऱ्याला आजवर कुणी नाव विचारलं नव्हतं.”

“विचारते तर सांग की,” शेजारची द्राहुशे म्हणाली. जन्मभर पोस्टात पत्रं वाटलेली बाई; गावाची गुपितं तिच्यापाशीच राहिली होती. “उद्याच्या बसनं जाणार ना ती?”

“जाईल. मी बोलावलं होतं थोडंच?”

हॅरिएट म्हणजे हेडविकाची इंग्रज सून. तिच्या मुलानं, बोहुमिरनं, तिकडेच, एका कचेरीत सह्या करून लग्न उरकलं आणि आईला मागाहून पत्रानं कळवलं. गावात सुनेसाठी पिसांची दुलई सासूनं शिवायची असते. हेडविकानं त्या दिवशी अर्धी शिवलेली खोळ घडी घालून कपाटात टाकली, ती अकरा वर्षं तिथंच. गेल्या वसंतात बोहुमिर वारला. या हिवाळ्यात ती पुन्हा पिसं सोलायला बसली. कुणासाठी, ते द्राहुशेनं विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

हॅरिएटपाशी एक जाडजूड वही होती. बोहुमिरनं तिच्यासाठी रोजच्या वापरातले इंग्रजी शब्द लिहून पुढं त्यांचे चेक शब्द मांडले होते, आणि खाली चेकमध्येच आपल्या मनचा अर्थ. वही तिच्या हातून सुटत नसे. त्यात जितके वाईट शब्द असतील तितक्यांखाली आपलंच नाव असणार, अशी हेडविकाची खात्री होती. बघावंसं वाटे. पण मागणार कोण?

खिडकीतून दुपारचं फिकं ऊन येत होतं. दांडीवरून लव ओढायची, बाजूला ठेवायची. बोटं आपसूक चालत होती. हेडविकाचे डोळे जड झाले. टेबलाखाली कुणीतरी छोटं बसलंय, गुडघ्याला डोकं टेकून, असा तिला भास झाला.

तेवढ्यात दार सताड उघडलं. त्यामागचं अंगणाचं दारही उघडंच होतं.

वारा घुसला आणि टेबलावरचा पांढरा ढीग उडाला. पिसं छतापर्यंत गेली, तिथं घटकाभर विचार करत राहिली, मग संथपणे खाली यायला लागली. चुलीवर, घड्याळावर, द्राहुशेच्या उघड्या तोंडात, बोहुमिरच्या तसबिरीवर. आवाज कसलाच नव्हता. उंबऱ्यात हॅरिएट उभी होती, आणि तिचे केस पांढरे होत चालले होते.

“बाई आहेस की वादळ?” हेडविका ओरडली. “महिन्याची मेहनत गेली! मुद्दाम उघडलंस का?”

“हो, आई. मुद्दाम.” हॅरिएटनं वही उघडून पुढं धरली. “उद्या मी जाणार. मला एकदा बघायचं होतं.”

हेडविकाच्या चष्म्यावर लव बसली होती. तशीही तिची शाळा चार इयत्तांची. अक्षरांना बोट धरून चालवावं लागे. तिनं वही द्राहुशेकडे सरकवली.

“‘स्नो म्हणजे बर्फ,’” द्राहुशे तोंडातलं पीस काढून वाचू लागली. “‘बाहेर पडतो तो सगळ्यांचा. आमचा स्वयंपाकघरात पडला. सहा वर्षांचा होतो, पिसं सोलायच्या दिवशी मी दोन्ही दारं उघडली. आई आधी पोट धरून हसली, मग तिनं माझ्या कानफटात दिली. कानफटात दिलेली ती विसरणार नाही. हसलेली विसरेल. कधी गेलीस तर तिला सांग.’”

द्राहुशेनं वही मिटली. शेवटची पिसं अजून उतरत होती.

हेडविकानं चष्मा काढून पदराएवढ्या मोठ्या एप्रनला पुसला. पुसतच राहिली. मग उठली, कपाटातून घडीवर पिवळी पडलेली खोळ काढली आणि हॅरिएटच्या हातात दिली.

“लग्नाची रीत तुम्हा दोघांना नव्हती, दार लावायची अक्कल तुला अजून नाही. उद्याची बस जाऊ दे. जिची दुलई, पिसं तिनं वेचायची. बूट काढ, दार लाव, आणि बैस खाली.”