दाराजवळचा उष्णतामापक

मी एक जुना उष्णतामापक आहे. मित्रांनो, माझ्या काचेच्या नळीत पारा आहे, अंगावर फॅरनहाइटचे आकडे आहेत आणि अंगात थोडी मस्तीही. परळच्या एका गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे जिथे कापड विणतात तिथे, मी तेरा वर्षे लटकलो. खात्यात किती उकडते, हे सरकारी साहेब मला बघून ठरवीत. खंडेनवमीला साच्यांबरोबर, म्हणजे मागांबरोबर, मलाही हळदकुंकू लागे. "यंत्र खोटं बोलत नाही," असे कामगार म्हणत आणि मी फुगून जाई.

पण मला टांगले होते कुठे? दाराजवळ, मॅनेजरने स्वतः दाखवलेल्या खिळ्यावर. तिथे शिवडीच्या खाडीवरचा वारा यायचा. आत मात्र सूत तुटू नये म्हणून खिडक्या बंद ठेवून वाफ सोडत.

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चांचे ते दिवस. सत्तावनच्या मे महिन्यात भिवा विणकर साच्याजवळ चक्कर येऊन कोसळला. मॅनेजर म्हणाला, "दारू पिऊन आला असेल. उष्णता तर फक्त एक्याण्णव अंश!" भिवाने जन्मात थेंब घेतला नव्हता. तरी त्याची नोकरी जाणार होती आणि साक्षीदार कोण, तर मी! खोटे मी बोललो नव्हतो, दाराजवळ एक्याण्णवच होते. पण मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

सरकारी साहेब चौकशीला आले. भिवाची बायको राधाबाई त्याच गिरणीत सूत गुंडाळायची. मोर्चात पोलिसांपुढून न हटलेली बाई ती, मॅनेजरला काय भीक घालणार?

"साहेबानूं, ह्येका हंय वारो लागता. माझो घोव थंय उभो रवता. थंय न्हेवन टांगा, मगे वाचा!"

"यंत्राची जागा ठरलेली आहे," मॅनेजर गुरकावला.

"कोणी ठरवल्यान?"

साहेबांनी मला स्वतः काढून भिवाच्या साच्याशेजारी टांगले. मी जीव खाऊन वर चढलो. एकशे दोन! साहेबांनी तोच आकडा लिहिला आणि भिवा कामावर परतला.

मला मात्र दुसऱ्याच दिवशी नादुरुस्त ठरवून कॉटन ग्रीनच्या गोदामात टाकले. आता नळीवर धूळ साचली आहे. मित्रांनो, यंत्रांना जपा, त्यांची धूळ पुसा. पण नुसता आकडा ऐकून मान डोलवू नका. तो कुठे मोजला, कोणी मोजला, हेही खडसावून विचारा.

माझा पारा अजून शाबूत आहे. ज्याला मी नादुरुस्त वाटतो, त्याने मला हातात धरून आठ तास साच्याजवळ उभे राहावे.