टाळ्यांखालचा आवाज

मित्रांनो, या, अगदी माझ्या जाळीपाशी कान आणा. माझा गळा आता बसलाय. मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, आणि तुम्हाला एका आत्याची गोष्ट सांगणार आहे.

ज्याने मला घडवलं त्याने कान दिला, कंठ दिला. 'नको' म्हणायची ताकद तेवढी द्यायची राहिली.

कॉलेजच्या इतिहास विभागाने मला विकत घेतलं. शेवटच्या वर्षाला प्रबंध लिहिणाऱ्या एका विद्यार्थ्याला दरवर्षी संशोधनासाठी मदत मिळे: मी, थोड्या कॅसेटी आणि जाण्यायेण्याचं भाडं. त्या वर्षी ती एका मुलीला मिळाली. तिने मला तान्ह्या बाळासारखं पोटाशी धरून नेलं. तेवढं कौतुक माझं पुन्हा कधी झालं नाही.

तिचा विषय होता काडेपेटीच्या कारखान्यातली आग. तिची आत्या त्या आगीतून वाचलेली.

"हे यंत्र माझा आवाज खाणार तर नाही ना गं?" आत्याने विचारलं.

"नाही गं आत्या, जपून ठेवणार."

"मग ठेव बाई. तुझ्या बापाने जन्मात माझं ऐकलं नाही, यंत्र तरी ऐकेल!"

दोघी हसल्या. मग आत्या बोलली. आग लागली तेव्हा कारखान्याच्या दाराला बाहेरून कडी होती. आत राहिलेल्या पोरींची नावं तिने एकेक करून घेतली, देवाचं नाव घ्यावं तशी.

"ही एवढ्यात लिहू नकोस हं. परगावच्या पोरी त्या, हजेरीपटावरही नव्हत्या. नावं बाहेर आली तर मीच बोलले हे मालकाला कळेल, माझी पेन्शन बंद होईल. मी डोळे मिटले की खुशाल लिही."

प्रबंधात नावं आली नाहीत. ती माझ्यापाशी राहिली. नियमाप्रमाणे मुलीने मला आत्याच्या कॅसेटसकट विभागात जमा केलं.

प्रबंधाला पहिलं बक्षीस मिळालं! समारंभाच्या दिवशी पाहुण्यांचं भाषण भरून घ्यायचं ठरलं. विभागप्रमुख शिपायावर खेकसले, "नवी कॅसेट कशाला? ती बक्षीसवालीची घाल. तिचं काम झालंय आता."

माझी रीत तुम्हाला ठाऊक आहे ना? नवं भरण्याआधी मी जुनं पुसतो.

"सामान्य माणसाचा आवाज जपणं, हाच खरा इतिहास!" पाहुणे गरजले. मागच्या रांगेत इस्त्रीचे कपडे घालून आत्या बसली होती. भाचीच्या कौतुकाने हात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवत होती. आणि तिच्या डोळ्यांदेखत मी तिला पुसत होतो. एकेका टाळीला एकेक पोर.

त्या थंडीत आत्या गेली. मुलगी नावं लिहून घ्यायला आली. तिने कॅसेट लावली. पाहुणे खाकरले, टाळ्या पडल्या. तिने बाजू उलटली. तिथे आभारप्रदर्शन होतं.

"सर, यात माझी आत्या होती."

"अगं, बक्षीस मिळालं ना तुला? मग झालं तर! आणि जाताना ते मशीन कपाटात ठेव."

तिला दोनच नावं आठवली. बाकीची तिने माझ्या भरवशावर सोडली होती.

मित्रांनो, कुणाचा आवाज भरून घ्याल तर त्याची दुसरी प्रत काढा, ती आपल्या घरी ठेवा. आणि झोपण्याआधी देवाला हात जोडाल तेव्हा त्या आत्याला आठवा. त्या पोरींनाही आठवा. नावं मात्र मला विचारू नका. माझ्यापाशी फक्त टाळ्या आहेत.