मामीच्या सहा टाक्या

रोगाने मामीची तळी चार दिवसांत रिकामी केली, तेव्हा तिची भाची विषाणूशास्त्र शिकत होती. मासे वर येऊन कलंडत. कल्ल्यांखाली लाल ठिपके. मामी रडली नाही. जाळं धुऊन वाळत घातलं आणि विचारलं, "तुझ्या पुस्तकात यावर काही औषध आहे का गं?"

नव्हतं.

पुढे भाची एका प्रयोगशाळेत लागली आणि तिने मामीलाही तिथे टाक्या सांभाळायला आणलं. मासा आजारी पडणार, हे मामीला उपकरणांच्या एक दिवस आधी कळायचं.

भाची या रोगावर लस करतेय हे ऐकल्यावर मात्र मामी उसळली. "तोच रोग पाण्यात घालणार? डोकं फिरलंय तुझं?"

"तोच, पण दात पाडलेला." भाचीने बाटल्या दाखवल्या. माशांच्या पेशींवर ती विषाणू वाढवायची, त्यातला थोडा पुढच्या बाटलीत, तिथून त्याच्या पुढच्या. ऐंशी बाटल्या फिरून त्याचा जोर ओसरला होता. मासा आजारी पडणार नाही, पण त्याचं शरीर या शत्रूला ओळखायला शिकेल, असा तिचा अंदाज.

पहिला प्रयोग सपशेल फसला. लस दिलेले मासे महिनाभर मजेत राहिले आणि खरा विषाणू पाण्यात सोडताच पटापट मेले. भाची दोन दिवस घरी वह्या चाळत बसली.

मामी तिच्यापुढे ताट सरकवत म्हणाली, "इतकं झोडपलंस त्याला, तो बिचारा काय शिकवणार? मारकुटा मास्तर नको हे खरं, पण वर्गात घोरणाराही नको."

भाचीला हसू फुटलं. पन्नासाव्या बाटलीतला विषाणू तिने गोठवून ठेवला होता. मासे आजारी पडतील या धास्तीने वापरला नव्हता. आता तोच घ्यायचं ठरलं.

सहा टाक्या, प्रत्येकीत पन्नास मासे. तीन टाक्यांतल्या माशांना लशीच्या पाण्यात डुंबवलं, बाकीच्यांना साध्या. कुठल्या कुठल्या, ते फक्त प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांच्या बंद पाकिटात.

"मला तरी सांग. मी काय गावभर करणार आहे?"

"मलाच माहीत नाही, मामी!"

महिन्याने खरा विषाणू सोडला. आठव्या दिवशी तीन टाक्यांतले मासे कलंडू लागले. मामी तिथेच स्टूल टाकून बसली. जो अगदी शेवटाला येई, त्याला अलगद उचलून भुलीच्या पाण्यात सोडायची, म्हणजे तो न तडफडता जाई.

"घरी जा ना गं आता, मामी."

"जाते. यांच्याजवळ कुणी नको का?"

उरलेल्या तीन टाक्यांत मासे खाण्यावर तुटून पडत होते. सरांनी पाकीट फोडलं. "लस दिलेल्या टाक्या: दोन, तीन, पाच." त्याच टाक्या! दीडशेपैकी एकशे अडतीस जगले होते. भाचीने मामीला कडकडून मिठी मारली.

"अगं, हातांना वास येतोय माझ्या."

"येऊ दे."

दुबळा केलेला विषाणू माशामाशांतून फिरताना पुन्हा बळावत नाही ना, हे तपासण्यात आणखी दोन वर्षं गेली. मग परवानगी मिळाली, आणि मामीने नोकरी सोडून आपली तळी पुन्हा भरली. लस दिलेली पहिली बोटुकली, बोटाएवढी पिल्लं, तिथेच सोडली.

त्या हंगामात आजूबाजूच्या तळ्यांत रोग आला. भाची रोज फोन करी, मामी रोज "बघू" म्हणे. पंधराव्या दिवशी मामीचाच फोन आला.

"सात गेले गं. बाकीचे ठणठणीत आहेत."

भाचीने डोळे पुसत नाक ओढलं.

"रडतेस काय वेडे? चल, ठेव फोन. त्यांना खायला घालायचंय."