तिरके चौरस

मित्रांनो, कुदळवाडीच्या भंगार बाजाराकडे वळणाऱ्या रस्त्यावर एक चहाची टपरी आहे. धूळ अडवण्यासाठी तिच्या पाठीमागे एक हिरवट पत्रा तारेने आवळून बांधला आहे. त्याच्यावर चहाचे ओघळ आहेत आणि एका कोपऱ्यात पानाची पिंक आहे. तो पत्रा म्हणजे मी. आता सांगून कुणाला पटणार नाही, पण मी फळा होतो. माझ्यावर गणित लिहिले जायचे.

माझा जन्म इथलाच, चिखलीचा. एका छोट्या शेडमध्ये मला कापले, घासले, हिरवा रंग देऊन भट्टीत भाजले. कोंडाजी नावाच्या कारागिराने खडूची एक लांब रेघ ओढून माझी परीक्षा घेतली. "घसरत न्हाई. चांगला हाय," एवढेच तो म्हणाला. माझ्या वाट्याला आलेली ती पहिली शाबासकी.

तिथून मी सोपानरावांच्या इमारतीत आलो. सोपानराव चिखलीचे जुने शेतकरी. शेतावर इमारत उभी राहिली, खाली लेथ मशीनचा कारखाना आला आणि पहिल्या मजल्यावर ज्ञानेश सरांचा क्लास. सर सहावी ते आठवीच्या मुलांना स्पर्धेचे गणित शिकवत. शाळेच्या गणितात वाट आखून दिलेली असते. या गणितात वाट स्वतः शोधावी लागते. एकेका प्रश्नाशी मुले तासभर झटत. कुणाला वाट सापडली की तो धावत माझ्याकडे येई. त्या वेळी खडूचा जो आवाज होई, तो मला फार आवडे.

सरांना गणित उत्तम येत होते, हे मी नाकारणार नाही. त्यांनी नुसत्या हाताने काढलेले वर्तुळ कंपासने काढल्यासारखे उमटे. पण मित्रांनो, त्यांचा एक नियम होता. माझ्या उजव्या कडेला सगळ्या मुलांची नावे लिहिलेली असत. ज्याचे उत्तर चुकेल, त्याने पुढे येऊन आपले नाव आपल्याच तळहाताने पुसायचे. डस्टर घ्यायचे नाही. मग पांढरा झालेला तो हात वर धरून तास संपेपर्यंत मागे उभे राहायचे. बाकीचे हसले तर सरांची हरकत नसे. पालक आपसात म्हणत, "सर कडक आहेत, म्हणून तर पोरं चमकतात."

नेहा सातवीत असताना क्लासला आली. तिचे वडील साहेबराव चाकणच्या एका कंपनीत प्रेस मशीनवर काम करत. सर इतर मुलांना नावाने हाक मारत. नेहाला मात्र 'वाघमारे' म्हणत. तिने ते मनावर घेतले नाही. तिच्या बाकावर सोपानरावांची नात तनुजा बसे. दोघी क्लास भरण्याआधी येत आणि माझ्यावर आकृत्या काढत. एकीला अडले की दुसरी खडू हातात घेई.

सरांनी त्या वर्षी स्पर्धेच्या गणिताचे स्वतःचे पुस्तक छापले होते. मुखपृष्ठावर त्यांचा फोटो होता. त्यात एक प्रश्न होता. चार ओळींत चार-चार, असे सोळा ठिपके दिले आहेत. ते जोडून एकूण किती चौरस तयार होतील? पुस्तकात उत्तर होते चौदा. लहान नऊ, मधले चार आणि सर्वांत मोठा एक.

त्या दुपारी दोघींनी माझ्यावर ते ठिपके काढले. पाहता पाहता नेहा थांबली. तिने चार ठिपके तिरके जोडले. टोकावर उभ्या राहिलेल्या पतंगासारखा एक चौरस झाला. असे आणखी तीन निघाले.

"अगं, अजून दोन आहेत," तनुजा म्हणाली. तिने मोठ्या चौरसाच्या पोटात एक चौरस डावीकडे कललेला आणि एक उजवीकडे कललेला काढून दाखवला. चौदा आणि सहा, वीस. दोघी खुदकन हसल्या. त्या हसण्याइतके माझ्या अंगावर दुसरे काही शोभले नसेल.

तास सुरू झाला. जिल्ह्याच्या स्पर्धेसाठी तिघांचा संघ त्याच आठवड्यात ठरणार होता. सरांनी नेमका तोच प्रश्न घातला.

"सर, वीस होतात," नेहा म्हणाली.

"चौदा होतात, वाघमारे. पुस्तकात बघ."

नेहा पुढे आली. तिने तिरके चौरस काढले. "सर, चारही बाजू सारख्या आहेत. कोपरेही काटकोनात आहेत. मग हेही चौरसच झाले ना?"

सर माझ्याकडे पाहत राहिले. मी त्यांच्या अगदी समोर होतो. त्यांची नजर एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात गेली आणि तिथेच थांबली. त्यांना कळले होते, याबद्दल मला शंका नाही. पण पुस्तक प्रत्येक बाकावर उघडे होते.

"पुस्तक कुणी लिहिलंय?" त्यांनी शांतपणे विचारले.

"तुम्ही, सर."

"मग?" सर वर्गाकडे वळले. "आणखी कुणाला असले वाकडे चौरस दिसतात? हात वर करा."

मुले हसली. नेहाने तनुजाकडे पाहिले. तनुजाचे दोन्ही हात बाकाखाली होते. ती आपल्या पुस्तकाकडे पाहत होती.

"नाव पूस."

"मी चुकले नाही, सर."

"मग घरी जा. उद्या वडिलांना घेऊनच ये."

दुसऱ्या दिवशी साहेबराव शिफ्ट सुटल्यावर तसेच आले. अंगात कंपनीचा शर्ट होता, खांद्याला डब्याची पिशवी. पोरे सगळी बसलेली. सरांनी त्यांना बसा म्हटले नाही.

"तुमच्या मुलीला डोकं आहे, पण वळण नाही," सर म्हणाले. "मला टीममध्ये हट्टी पोरं नकोत."

"सर, लहान आहे ती. सांभाळून घ्या."

"पप्पा, माझं बरोबर आहे. दोन मिनिटं बघा ना, मी काढून दाखवते."

साहेबरावांनी माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिले नाही. ते सरांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. "नेहा, पूस बाळा," ते हळूच म्हणाले. "एवढ्यानं काय होतंय? टीममध्ये तर राहशील."

नेहाने तळहात टेकवला. मित्रांनो, माझ्यावरून किती नावे पुसली गेली, पण इतक्या सावकाश कुणी पुसले नव्हते. सरांचे तेवढ्याने भागले नाही.

"आता उत्तर लिही."

तिने 'चौदा' लिहिले. अक्षर नेहमीसारखेच वळणदार होते.

"शाबास," सर म्हणाले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने तिचे नाव पुन्हा लिहिले. जाताना साहेबराव त्यांच्या पाया पडले.

नेहा संघात गेली आणि पदक घेऊन आली. चौकात फ्लेक्स लागला. त्यावर सर मोठे होते आणि मुले अंगठ्याएवढी. साहेबरावांनी पेढे आणले. माझ्यासमोर फोटो निघाला, सरांचा हात नेहाच्या खांद्यावर. "सर, सगळं तुमच्यामुळं," साहेबराव म्हणाले आणि ते मनापासून म्हणाले. नेहा आणि तनुजा तेव्हा एका बाकावर बसत नव्हत्या.

पुढच्या वर्षी पुस्तक नव्याने छापले गेले. त्या प्रश्नापुढे आता 'वीस' होते. सरांनी माझ्यावर सोळा ठिपके मांडले आणि रंगीत खडूने सहा तिरके चौरस काढले. "हे फार थोड्या शिक्षकांना दिसतं," ते म्हणाले. वर्गाने टाळ्या वाजवल्या. तनुजाने मान वळवून नेहाकडे पाहिले. नेहा खाली मान घालून उतरवून घेत होती.

यानंतर नेहाने एकही शंका विचारली नाही. पदके मात्र मिळत राहिली. नववीत गेल्यावर सरांनी तिला रविवारी लहान मुलांना शिकवायला सांगितले. तिच्या हाताखाली मोनिका नावाची सहावीतली मुलगी होती. एकदा तिने एक प्रश्न अगदी वेगळ्या वाटेने सोडवला आणि उड्या मारत माझ्याकडे आली.

"ताई, असं पण येतं ना?"

नेहाने नीट पाहिले. उत्तर बरोबर होते. वाट पुस्तकातल्या वाटेपेक्षा लहान होती. क्षणभर मला जुनी नेहा दिसली, असे वाटले.

"सरांनी कसं शिकवलंय?" तिने विचारले.

"वेगळं."

"मग तसंच लिही. उगाच शहाणपणा नको."

मागची मुले हसली. नेहाने त्यांना हसू दिले.

पुढे भिंतीवर मोठा स्क्रीन आला. "ह्यो आता काय कामाचा न्हाई," असे म्हणून सोपानरावांनी मला भंगारवाल्याच्या टेम्पोत चढवले. मला त्याचे दुःख झाले नाही. मोनिका तोपर्यंत क्लास सोडून गेली होती.

मित्रांनो, फळे जपा, असे मी सांगणार नाही. पत्रा आज ना उद्या गंजायचाच. पण तुमच्या शेजारची मुलगी बरोबर आहे हे तुम्हाला ठाऊक असेल आणि सगळा वर्ग तिला हसत असेल, तर गप्प बसू नका. त्या दिवशी सरांनी विचारले, तेव्हा एक हात वर झाला असता तरी पुरे होते. मला सगळे माहीत होते. दोघींनी काढलेले वीसच्या वीस चौरस मी पाहिले होते. पण फळ्याला हात नसतात. तुम्हाला आहेत.